पागा, बराक आणि माझगावची शाळा

मुंबईच्या माझगाव भागात सर एली कदुरी ह्या नावाची एक जुनी शाळा आहे. नावावरून ती एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याच्या स्मरणार्थ काढली असावी, असा नवख्या माणसाचा समज होतो. वस्तुतः ती मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, म्हणजे कोकणातील बेने इस्रायल समाजाची शाळा होय. 'इस्रायलाइट स्कूल' ह्या नावाने ती १८७५ साली सुरू झाली. आज तिच्या वर्गांत बसणारी बहुसंख्य मुले इतर समाजांतील आहेत. ज्यांनी पै पै जमवून ती उभी केली, त्यांच्या घरातले मूल तिथे क्वचितच आढळते.

ग्वाल्हेरीत बसून माझगावच्या शाळेची उठाठेव कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, जी गोष्ट त्या समाजाच्या बाबतीत पन्नास-साठ वर्षांपूर्वी घडली, ती आपल्या बाबतीत आज घडू लागली आहे. आपले पूर्वज शिंदेशाहीच्या फौजेबरोबर, दप्तराबरोबर वा देवस्थानाबरोबर इथे आले, दोन-अडीचशे वर्षे राहिले. त्यांनी वाडे बांधले, शाळा काढल्या, गणेशोत्सवाची मंडळे व वाचनालये चालविली. आता आपली मुले पुण्या-बंगळुरास अथवा सातासमुद्रापार आहेत आणि वाड्यातल्या खोल्यांतून परगावचे विद्यार्थी राहत आहेत. समाज निघून गेल्यावर त्याने उभारलेल्या विद्यास्थानाचे काय होते, काय व्हावे, आणि त्यातले आपल्या हाती किती असते, हा ह्या लेखाचा विषय आहे.

बेने इस्रायलांची परंपरागत कथा अशी की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि त्यांच्यापासून पुढे हा समाज वाढला. तेल गाळणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून कुलाबा जिल्ह्यातील लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. धर्मग्रंथ हरवले, हिब्रू भाषा विसरली, तरी शनिवारचा विसावा, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि 'शेमा' ही एक प्रार्थना एवढे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवले. आडनावे मात्र आपल्यासारखीच, गावावरून पडलेली: केहिमकर, दिवेकर, नवगावकर, अष्टमकर, रोहेकर, पेणकर. घरातली भाषा मराठी, बायकांचे नेसणे नऊवारी, गळ्यात मंगळसूत्र. १८४६ साली मुंबईत त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी, म्हणजे 'हगादा', मराठी भाषांतरासह छापली गेली. १८८० साली तर त्यांच्यातील काही मंडळींनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढून अब्राहाम, योसेफ ह्यांची आख्याने थेट आपल्या कीर्तनपद्धतीने लावण्यास आरंभ केला.

अशा समाजाला स्वतंत्र शाळा काढावीशी का वाटली, हे समजून घेण्याजोगे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन मराठी मिशनने कोकणात शाळा काढल्या, त्यांत बेने इस्रायलांची मुले जात. पुढे मुंबईत स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन ह्यांनी त्यांच्याकडे विशेष लक्ष दिले. हिब्रू भाषेचे मराठीतील व्याकरण त्यांनीच १८३२ साली प्रसिद्ध केले. विसरलेली धर्मभाषा ह्या समाजाला ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हातून, आणि तीही मराठीच्या माध्यमातून परत मिळत होती. त्याबद्दल त्यांना कृतज्ञता होती, पण मुलांचा धर्म जाईल ही धास्तीही होती. मिशनच्या शाळेत घातले तर विद्या मिळते पण मन धाकधुकीत राहते, घरी ठेवले तर धर्म राहतो पण मूल अडाणी राहते, असा तो पेच होता.

हा पेच सोडविण्याचे काम हाईम सॅम्युएल केहिमकर ह्या गृहस्थांनी अंगावर घेतले. ते सरकारी नोकर होते. पगारी नोकरी सांभाळून, भावांना व मित्रांना बरोबर घेऊन त्यांनी समाजातील शिक्षणप्रसारासाठी मंडळी स्थापन केली आणि १८७५ साली शाळा सुरू केली. इंग्रजी, मराठी आणि हिब्रू अशा तीन भाषा तिथे एका छपराखाली आल्या. समाज गरीब, सैन्यातील सुभेदार-जमादार, कारकून, सुतार, गवंडी असे लोक त्यात अधिक. त्यांच्या वर्गणीवर शाळा कशी चालावी? पुढे लंडनच्या अँग्लो-ज्युईश असोसिएशनने मदत पाठविली. विसाव्या शतकात सर एली कदुरी ह्यांच्या देणगीने शाळेला स्थैर्य आले व त्यांचे नाव तिला लागले. हे कदुरी बगदादचे. तरुणपणी मुंबईमार्गे ते चीनकडे गेले, हाँगकाँग व शांघाय येथे व्यापारात संपन्न झाले आणि पूर्वेकडे अनेक ठिकाणी त्यांनी शाळा बांधविल्या. बगदादी ज्यू व कोकणी ज्यू ह्यांच्यात रोटीबेटीचा फारसा व्यवहार नसे, बगदाद्यांना आपल्या वरचढपणाची जाणीव असे, हेही सांगितले पाहिजे. तरीही एका बगदाद्याच्या पैशाने कोकण्यांची शाळा उभी राहिली.

शाळा म्हणजे केवळ वर्ग नव्हेत. दूरगावच्या मुलाला शिकायचे तर आधी राहण्याची व जेवणाची सोय लागते, आणि आपल्याकडे विद्येचा इतिहास हा बऱ्याच अंशी ह्या सोयीचा इतिहास आहे. इचलकरंजीचे बाळकृष्णबुवा गाणे शिकण्यासाठी ग्वाल्हेरीस आले आणि वासुदेवबुवा जोशी ह्यांच्याकडे राहून, सेवा करून शिकले. तो गुरुगृहीचा वास होता. ज्यांना असे गुरुगृह मिळत नसे, ते वार लावून जेवीत. सोमवारी एकाचे घर, मंगळवारी दुसऱ्याचे, एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी उपास. पुण्यास १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघाले, त्यातील मुलेही आरंभी माधुकरीवरच शिकली. आपल्यापैकी अनेकांच्या आज्या-पणज्यांनी अशा वाराच्या मुलांना जेवू घातले आहे. त्या मुलांच्या ताटात काय वाढले जाई आणि ते कोणत्या सुरात वाढले जाई, ह्याच्या बऱ्यावाईट आठवणीही घराघरांतून ऐकू येतात.

हीच पद्धत शब्दशः पूर्व युरोपातील ज्यूंमध्ये होती. तेथील धर्मपाठशाळांतील गरीब मुले आठवड्याच्या सात दिवशी सात घरी जेवीत, आणि त्यांच्या भाषेत त्याला 'दिवस खाणे' असेच म्हणत. पोलंडमधील लुब्लिन शहरातील रब्बी मेईर शापिरो ह्यांना ही लाचारी सहन होईना. धर्मशास्त्र शिकणाऱ्या मुलाने दारोदार जेवू नये, त्याला स्वतःची खोली, स्वच्छ अंथरूण आणि मानाचे जेवण मिळावे, अशा हेतूने त्यांनी देशोदेशी फिरून पैसा जमविला व १९३० साली लुब्लिनला सहा मजल्यांची भव्य पाठशाळा उघडली. राहणे, जेवणे, ग्रंथालय, सर्व एका वास्तूत. ती जेमतेम नऊ वर्षे चालली. १९३९ साली जर्मन सैन्य आले, पाठशाळा बंद झाली, ग्रंथसंग्रह उधळला गेला आणि पुढील काही वर्षांत तिच्या विद्यार्थ्यांपैकी व त्या शहरातील ज्यूंपैकी बहुतेकांची हत्या झाली. युद्धानंतर ती इमारत वैद्यकीय शिक्षणसंस्थेकडे गेली. ज्या दालनांत धर्मशास्त्राचा खल होत असे, त्यांत पोलिश मुले शरीरशास्त्र शिकू लागली. २००३ साली ती वास्तू पोलंडमधील ज्यू समाजाला परत मिळाली; पण तिच्यात राहून शिकणारी मुले आणायची कोठून? आज तिथे प्रार्थनागृह आहे आणि उरलेल्या भागात २०१३ पासून हॉटेल चालते. मालक परतला, विद्यार्थी परतला नाही.

लुब्लिन आणि माझगाव ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे विसरता कामा नये. भारतात ज्यूंना कोणी हाकलले नाही, त्यांच्या शाळांना कोणी कुलूप ठोकले नाही. येथील समाज पांगला तो स्वेच्छेने. ह्या फरकाचे थोडे श्रेय आपल्या महाराष्ट्राच्या भूमीला द्यायला हरकत नाही. त्याचे एक उदाहरण पुण्यातच सापडते.

पुण्याची हुजूरपागा हे नाव आपल्या घरांतून नवे नाही. ग्वाल्हेरच्या कितीतरी सुना तिथे शिकून आलेल्या आहेत. पेशव्यांच्या खास घोडदळाची पागा ज्या जागेवर होती, तिथे १८८४-८५ च्या सुमारास न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक प्रभृतींनी मुलींची शाळा काढली. मुलींना इंग्रजी शिक्षण देण्यावरून त्या काळी केवढे वादळ उठले, ते इतिहासप्रसिद्ध आहे. पानिपताच्या, खर्ड्याच्या आठवणी सांगणाऱ्या ह्या पागेच्या जागेत मुली पाटीपुस्तक घेऊन बसल्या, हेच एक आश्चर्य. त्याहून विशेष असे की, त्या मुलींमध्ये शिमोग्याकडील दोन बेने इस्रायल कन्या होत्या: रिबेका रूबेन आणि जेरूशा झिराड.

शिमोगा ते पुणे हे अंतर त्या काळी लहान नव्हते. घर सोडून परक्या शहरात, परधर्मीय मुलींच्या पंगतीत राहायचे. आपला शनिवार वेगळा, आपली प्रार्थना वेगळी, सणवार वेगळे. पण भाषा एकच असल्यामुळे परकेपणाची धार निम्मी बोथट होत असणार. आपल्यापैकी ज्यांच्या मुली आज दूरच्या वसतिगृहात राहतात, त्यांना त्या दोन घरांतील आईबापांच्या मनाची कल्पना येईल. रिबेका रूबेन ह्यांनी १९०५ साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला क्रमांक मिळविला. पुढे त्या डेक्कन कॉलेजात व नंतर केंब्रिजला शिकल्या. जेरूशा झिराड ह्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातून वैद्यकीय पदवी घेतली, इंग्लंडातून १९१९ साली एम. डी. झाल्या, मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या १९२८ ते १९४७ पर्यंत प्रमुख होत्या आणि १९६६ साली पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या.

हिंदू समाजसुधारकांनी, पेशव्यांच्या पागेत, मराठी मुलींसाठी काढलेल्या शाळेने ज्यू समाजाला त्याची सर्वांत मोठी शिक्षिका आणि सर्वांत मोठी डॉक्टरीण दिली. रिबेका रूबेन १९२२ साली माझगावच्या इस्रायलाइट स्कूलच्या मुख्याध्यापिका झाल्या आणि १९५० पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, त्यांनी ती शाळा सांभाळली. जिथे त्यांना स्वतःला आश्रय मिळाला ती शाळा दुसऱ्यांची होती. जिथे त्यांनी आयुष्य वेचले ती आपल्यांची. पुढे त्या आपल्यांच्या शाळेत दुसऱ्यांची मुले आली. हिशेब मांडायचाच झाला तर देणे आणि घेणे असे फिटलेले दिसते.

रिबेकाबाई निवृत्त झाल्या तेव्हाच ओहोटी लागली होती. १९४८ साली इस्रायल स्थापन झाले आणि बेने इस्रायल कुटुंबे गाठोडी बांधू लागली. १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे सव्वीस हजार ज्यू होते; आज ते चार-पाच हजारांच्या घरात आहेत. तिकडे गेल्यावर 'तुम्ही खरे ज्यू कशावरून?' असा प्रश्न तेथील धर्मगुरूंनी त्यांना केला, त्याविरुद्ध त्यांना चळवळ करावी लागली आणि १९६४ साली तेथील शासनाने त्यांना पूर्ण मान्यता दिली. तिकडे राहूनही त्यांनी मराठी सोडली नाही. 'मायबोली' नावाचे मराठी त्रैमासिक त्यांनी तेथे दीर्घकाळ चालविले, हे आपल्या ह्या त्रैमासिकाच्या वाचकांना कौतुकाचे वाटेल.

समाज पांगला, तेव्हा शाळेपुढे दोन मार्ग होते. एक म्हणजे दार लावून घेणे, आणि दुसरा म्हणजे शेजारच्या वस्तीतील मुलांना आत घेणे. माझगावने दुसरा मार्ग धरला. भायखळ्याला मागेन दाविद प्रार्थनामंदिराच्या आवारातील सर जेकब ससून शाळेनेही तोच धरला. कोलकात्यात १८८१ साली निघालेल्या ज्यू मुलींच्या शाळेत आज जवळजवळ सर्व विद्यार्थिनी मुसलमान आहेत. पश्चिम आशियात ज्या दोन समाजांत रक्तपात चालू आहे, त्यांतील एकाने बांधलेल्या शाळेत दुसऱ्याच्या मुली आपल्या देशात शांतपणे भूमिती शिकत आहेत. ह्या गोष्टीचा आपण पुरेसा अभिमान बाळगत नाही.

आता आपल्या गावाकडे वळतो. किल्ल्यावरील सिंधिया स्कूल आपणां सर्वांना परिचित आहे, पण तिच्या इतिहासाकडे ह्या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. १८५८ नंतर ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात होता. १८८६ साली झाशीच्या बदल्यात तो शिंदे सरकारास परत मिळाला आणि गोऱ्या फौजेसाठी बांधलेल्या बराकी रिकाम्या झाल्या. माधवराव महाराजांनी १८९७ साली सरदारांच्या मुलांसाठी 'सरदार स्कूल' काढले, ते १९०८ साली किल्ल्यावर नेले आणि त्या बराकींत मुलांची राहण्याची सोय केली. ज्या बराकी आपल्याच राज्यावर पहारा ठेवण्यासाठी उभारल्या होत्या, त्यांत आपल्या सरदारांची मुले पथारी टाकून अभ्यास करू लागली. पागेत मुलींची शाळा झाली, तसे हे बराकीचे छात्रालय झाले.

पुढचा टप्पा अधिक महत्त्वाचा आहे. १९३३ साली ह्या शाळेचे स्वरूप बदलले आणि ती सरदारांपुरती न राहता सर्वांच्या मुलांना खुली झाली. त्या वेळी आपल्या काही घरांतून नाराजीचा सूर निघाला असल्यास नवल नाही, कारण 'आमची शाळा' हा शब्द सोडणे जड जाते. पण कल्पना करावी: शाळा जर केवळ सरदारपुत्रांची राहिली असती, तर जहागिऱ्या व संस्थाने गेल्यावर तिचे काय झाले असते? किल्ल्यावरील अनेक पडक्या महालांत आणखी एका पडक्या इमारतीची भर पडली असती. दार उघडले म्हणूनच ती राहिली.

मात्र एका गोष्टीचे श्रेय तिच्या चालकांना दिलेच पाहिजे. तेथील छात्रनिवासांची नावे पाहावीत. राणोजी, जयाप्पा, महादजी, दौलत, जयाजी, माधव आणि लहान मुलांच्या निवासांमध्ये दत्ताजी, निमाजी व कण्हेरखेड. कण्हेरखेड हे सातारा जिल्ह्यातील शिंद्यांचे मूळ गाव. पंजाबातून वा आसामातून आलेला एखादा दहा वर्षांचा मुलगा आज ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर, इंग्रजी अमदानीतील वास्तूंच्या सान्निध्यात, 'कण्हेरखेड'मध्ये राहतो. त्याला हे गाव कोठे आहे ते ठाऊक असेल वा नसेल. पण नाव जिवंत आहे, आणि त्याने विचारलेच तर सांगण्याजोगे काहीतरी आहे.

येथे मला माझे मुख्य म्हणणे मांडायचे आहे. मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत असताना संस्थानी काळातील वास्तूंची कागदपत्रे पाहण्याचा प्रसंग अनेकदा येई. मालकी कोणाची, ताबा कोणाचा आणि वापर कशासाठी, असे तीन वेगळे प्रश्न त्यांत असत. बहुतेक तंटे मालकी व ताबा ह्यांवरून होत. तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी पाहत नसे. परंतु जी इमारत वापरात होती, ती टिकली होती. जिचा वाद वर्षानुवर्षे चालला, तिची कौले गेली होती, वासे वाळवीने खाल्ले होते आणि भिंतीतून पिंपळ उगवला होता. विद्यार्थी ज्या घरात राहतो, तिथे रोज केर निघतो, दिवा लागतो, गळते छप्पर कोणीतरी शाकारते. जुन्या वास्तूला ह्याहून चांगला राखणदार मिळत नाही.

ह्यावर एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वास्तू टिकली, पण तिच्यातले आपले काय टिकले? माझगावच्या शाळेत केहिमकरांच्या वेळचे हिब्रू आज कोण शिकते? बेने इस्रायलांची ती विशिष्ट मराठी, तिच्यातील आख्याने, त्या मुलांच्या शनिवारच्या गोष्टी आता त्या वर्गांत नाहीत. शाळा सर्वांची होते, तेव्हा संस्थापकांची भाषा व रीत मागे पडतेच. आपल्याकडेही मराठी माध्यमाचे वर्ग ओस पडत गेले, आपली नातवंडे आजीशी हिंदीत बोलतात आणि वाड्याच्या खोलीत राहणाऱ्या भिंड-मुरैन्याच्या मुलाला त्या वाड्याचे नाव 'बाडा' एवढेच ठाऊक असते. ही हानी आहे, आणि तिला हानीच म्हटले पाहिजे. 'काळाचा महिमा' असे म्हणून मान डोलावणे मला पटत नाही.

तथापि ह्या हानीवरचा उपाय कुलूप हा नव्हे. लुब्लिनची वास्तू मूळ मालकाला परत मिळूनही तिच्यातील विद्या परत आली नाही, हे आपण पाहिले. कुलपाने फक्त कोनाडे राखले जातात. ह्या हानीवर जो काही उपाय आहे तो केहिमकरांनीच दाखवून ठेवला आहे. शाळा चालविता चालविता त्यांनी आपल्या समाजाचा सविस्तर इतिहास लिहिला. कोठून आलो, काय खातो, काय नेसतो, जन्म-लग्न-मृत्यूच्या रीती कोणत्या, कोणत्या घराण्याचे कोणते गाव, सैन्यात कोण कोणत्या हुद्द्यावर होते, हे सारे त्यांनी नोंदवून ठेवले. १८९७ साली पूर्ण झालेले हे हस्तलिखित त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. ते छापले गेले १९३७ साली, आणि तेही तेल अवीवला. चाळीस वर्षे ते कागद कोणीतरी जपले. आज बेने इस्रायलांविषयी जगात कोठेही कोणी लिहितो, तेव्हा त्याला केहिमकरांकडेच जावे लागते. ह्या लेखातील पुष्कळशी माहिती पिढ्यांतून आपल्यापर्यंत पोहोचली, ती अशा नोंदींमुळे.

आपण काय नोंदविले आहे? १९६१ साली ग्वाल्हेरीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या. संमेलनाच्या परंपरेत अध्यक्षपदी आलेल्या त्या पहिल्या स्त्री, आणि हा मान आपल्या गावाच्या मंडपात घडला. त्या मंडपात स्वयंसेवक म्हणून वावरलेली मंडळी आज ऐंशीच्या पुढे आहेत. पाहुण्यांची उतरण्याची सोय कोणकोणत्या वाड्यांत केली होती, पंगती कोठे उठल्या, खर्चाची तोंडमिळवणी कशी झाली, हे सांगू शकणारे दर वर्षी कमी होत आहेत. चिटणीसांच्या गोठीतील वा महाडिकांच्या गोठीतील किती वाड्यांचा मूळ पुरुष, बांधणीचा काळ आणि त्यात चाललेले उद्योग ह्यांची लेखी नोंद त्या त्या घरात आहे? मोडीतील कागद ट्रंकेत आहेत, पण मोडी वाचणारा घरात उरलेला नाही. वाडा विकला जातो त्या दिवशी ट्रंक रद्दीवाल्याकडे जाते.

तेव्हा आपल्या सभासदांना माझी विनंती फार मोठ्या खर्चाची नाही. ज्यांचे वाडे आहेत, त्यांनी आपल्या वाड्याविषयी चार पाने लिहावीत: कोणी बांधला, कोण राहिले, कोणी वार लावून जेवून शिकून मोठे झाले, आणि आता तेथे कोण राहते. ह्या शेवटच्या रकान्यात आजच्या भाडेकरू विद्यार्थ्यांचे गाव व विषयही लिहावेत, कारण पन्नास वर्षांनी तोही इतिहास असेल. मोडी कागदांची निदान छायाचित्रे काढून ठेवावीत. संस्थेने ह्या नोंदींसाठी एक वही राखावी व तिच्यातील मजकूर ह्या अंकांतून क्रमाने छापावा. ज्या संस्थांच्या इमारती आज अर्ध्या रिकाम्या आहेत, त्यांच्या विश्वस्तांनी तेथे बाहेरगावच्या मुलामुलींसाठी माफक दरात राहण्याची सोय करता येईल का, ह्याचा विचार करावा. मुले मराठीच असावीत असा आग्रह धरू नये. दर्शनी भिंतीवर मात्र वास्तूची हकीकत मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत लिहून लावावी.

महाराष्ट्र शासनाने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. तोवर माझगावच्या शाळेला एकशे एक्केचाळीस वर्षे होऊन गेली होती. कायद्याने ओळख मिळण्याची वाट पाहत केहिमकर बसले नाहीत. नोकरी सांभाळून त्यांनी एक शाळा चालविली आणि एक ग्रंथ लिहिला. त्यांची शाळा आज दुसऱ्यांच्या मुलांना शिकवीत आहे, आणि ती कोणी काढली हे त्यांच्या ग्रंथावरून आपल्याला कळते. आपल्या वाड्यांत विद्यार्थी तर राहायला आलेच आहेत. लिहिण्याचे काम तेवढे आपले राहिले आहे.